मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते अतुल चिटणीस

बर्लिनमध्ये १९६२ साली जन्मलेले व बेळगावात वाढलेले अतुल चिटणीस यांची कर्मभूमी बंगळुरू होती. इंटरनेट दुर्मीळ असताना, १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना मिळू लागली, ती त्यांच्या पुढाकाराने. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'लिनक्स बंगलोर' हा मेळावा सुरू केला. २००५ मध्ये त्याचे 'फॉस डॉट इन' असे नामांतर झाले. पीएचपी या संगणकीय भाषेचे जनक रासमुस लेरडॉर्फ यांच्यासारखे तज्ज्ञ तेथे आले. भारतीयांनी मुक्त सॉफ्टवेअर केवळ वापरू नये, त्यात स्वतः भर घालावी, असा चिटणीस यांचा आग्रह होता. कर्करोगाशी झुंज सुरू असतानाच २०१२ मध्ये अखेरचा मेळावा भरला. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.