विश्लेषण : एमएससाठी लिहिलेल्या प्रबंधाने संगणकाचा पाया कसा घातला? कोण होते क्लॉड शॅनन?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘डिजिटल लॉजिक’ हा विषय येतो. शून्य आणि एकचे तक्ते, लॉजिक गेट, बूलियन बीजगणित हे सारे परीक्षेपुरते पाठ केले जाते आणि सत्र संपले की मागे पडते. पण विजेचे सर्किट आणि हे बीजगणित यांची सांगड पद्धतशीरपणे घालणारा सर्वांत प्रभावी मजकूर एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला होता, आणि तोही पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात. तेव्हा संगणकशास्त्र नावाची पदवी जगात कुठेच मिळत नव्हती. क्लॉड शॅनन यांचे शिक्षण कसे झाले आणि त्या प्रबंधात नेमके काय होते, याचा हा आढावा.

बालपण कुठे गेले?

क्लॉड एल्वूड शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड या छोट्या गावात ते वाढले. वडील व्यावसायिक होते, काही काळ न्यायाधीशही होते. आई शिक्षिका होती आणि पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. मोठी बहीण कॅथरीन गणितात हुशार. शॅनन यांना खटपटी करण्याची आवड होती. शेताच्या कुंपणाची काटेरी तार वापरून त्यांनी अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र जोडले होते.

संगणकशास्त्र नव्हते, मग ते शिकले काय?

१९३२ मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, त्यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्युत अभियांत्रिकी घ्यावी की गणित, याचा निर्णय त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. दोन्ही विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण करून १९३६ मध्ये त्यांनी दोन पदव्या घेतल्या. याच काळात तत्त्वज्ञान विभागाच्या एका वर्गात त्यांना तर्कशास्त्र शिकायला मिळाले. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तर्काला बीजगणिताचे रूप दिले होते. विधान खरे असेल तर एक, खोटे असेल तर शून्य. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांची गणिती चिन्हे. विद्युत अभियंत्याला याचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला असता. परीक्षेच्या दृष्टीने तो एक जादा विषय होता, इतकेच.

एमआयटीपर्यंत कसे पोहोचले?

पदवीनंतर काय करायचे, हा प्रश्न होताच. विद्यापीठातील सूचनाफलकावर त्यांना एक कार्ड दिसले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीत, एका यंत्रासाठी संशोधन सहायक हवा होता. शॅनन यांनी अर्ज केला आणि काम मिळाले. काम करता करता पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय त्यात होती.

ते यंत्र म्हणजे व्हॅनिव्हर बुश यांचा ‘डिफरन्शियल ॲनालायझर’. खोलीभर पसरलेले हे यंत्र दांडे, चाके आणि दातेरी चक्रे फिरवून किचकट समीकरणे सोडवत असे. नवीन समीकरण आले की यंत्राची जुळणी बदलावी लागे. शॅनन यांचे काम संशोधकांसाठी ही जुळणी करून देण्याचे होते. यंत्राच्या नियंत्रणासाठी सुमारे १०० रिलेंचे गुंतागुंतीचे सर्किट होते. शॅनन यांचे लक्ष या सर्किटने वेधून घेतले.

रिले म्हणजे काय? अडचण काय होती?

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की त्याचे चुंबक होते, ते लोखंडी पट्टी ओढते आणि दुसरे सर्किट जोडले किंवा तोडले जाते. त्या काळातील स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज अशा असंख्य रिलेंवर चालत. १९३७ च्या उन्हाळ्यात शॅनन यांनी न्यूयॉर्कमधील बेल लॅब्जमध्ये काम केले, तेव्हा टेलिफोनची ही सर्किटेही त्यांनी जवळून पाहिली.

ही सर्किटे तयार करण्याचे शास्त्र मात्र नव्हते. अनुभवी अभियंते आकृत्या काढत, जोडून पाहत, चुकले की दुरुस्त करत. एखादे सर्किट कमी रिलेंमध्ये होईल का, हे ठामपणे सांगण्याची रीत नव्हती. रिलेंची संख्या वाढली की आकृतीवरून विचार करणेही अशक्य होई.

प्रबंधात नेमके काय मांडले?

शॅनन यांना दिसले ते असे : रिले एक तर चालू असतो किंवा बंद, आणि बूल यांच्या तर्कात विधान एक तर खरे असते किंवा खोटे. दोन स्विच एकापाठोपाठ जोडले तर दोन्ही चालू असल्याशिवाय दिवा लागत नाही, हे झाले ‘आणि’. समांतर जोडले तर कोणताही एक पुरतो, हे झाले ‘किंवा’. म्हणजे प्रत्येक सर्किट हे एक समीकरण आहे.

याचा फायदा एका उदाहरणातून कळतो. दिवा लागण्याचे दोन मार्ग आहेत, असे समजा. एका मार्गावर ‘क’ आणि ‘ख’ हे स्विच आहेत, दुसऱ्यावर ‘क’ आणि ‘ग’. एकूण चार स्विच लागले. शाळेच्या बीजगणितात आपण सामाईक पद कंसाबाहेर काढतो, तसे ‘क’ बाहेर काढले की काम तीन स्विचमध्ये होते. दिव्याच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही. हे समीकरण कागदावरच सोडवता येते, एकही तार जोडावी लागत नाही. शेकडो रिलेंच्या एक्स्चेंजमध्ये अशी बचत किती मोठी ठरेल, हे उघड होते.

गमतीचा भाग असा, की शॅनन यांनी खुणा आजच्या उलट वापरल्या होत्या. त्यांच्या मांडणीत जोडलेले सर्किट म्हणजे शून्य आणि तुटलेले म्हणजे एक, कारण ते विजेला होणारा अडथळा मोजत होते. गणित दोन्हीकडे सारखेच चालते. सर्किटे सोपी करण्यासाठी त्यांनी ज्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नियमाचा आधार घेतला, ते गणितज्ञ आपल्याकडच्या मदुराईत जन्मले होते.

प्रबंधाच्या शेवटी नमुन्याची सर्किटे होती. त्यात विजेवर चालणारे कुलूप होते आणि शून्य व एक या दोनच अंकांत बेरीज करणारे सर्किटही होते. स्विच बेरीज करू शकतात आणि ‘हे असेल तर ते कर’ असा निर्णयही घेऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. आजच्या प्रत्येक स्मार्टफोनमधील प्रोसेसर हेच काम करतो. फक्त रिलेच्या जागी डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी ट्रान्झिस्टर आले.

ही कल्पना फक्त त्यांनाच सुचली का?

नाही. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा हे अभियंते १९३० च्या दशकाच्या मध्यात रिले सर्किटांच्या अशाच मांडणीवर काम करत होते. सोव्हिएत रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांचे काम १९४१ मध्ये छापून आले. बेल लॅब्जमधील जॉर्ज स्टिबिट्झ यांनीही १९३७ मध्येच रिले वापरून बेरीज करणारे छोटे यंत्र घरी बनवले होते. कल्पनेची वेळ आलेली होती. शॅनन यांचा निबंध मात्र १९३८ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केला आणि त्याची मांडणी इतकी स्वच्छ होती, की अभियंत्यांनी ती सरळ उचलली. या निबंधाला आल्फ्रेड नोबल पुरस्कारही मिळाला. हा पुरस्कार एका स्थापत्य अभियंत्याच्या नावाने दिला जातो, स्वीडनच्या नोबेलशी त्याचा संबंध नाही. विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचा पदव्युत्तर प्रबंध, असे त्याचे वर्णन पुढे अनेकदा झाले.

मग पीएचडीचे काय झाले?

बुश यांच्या सल्ल्याने शॅनन यांनी पीएचडीसाठी चक्क आनुवंशशास्त्र निवडले. १९३९ चा उन्हाळा त्यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे या विषयाच्या अभ्यासात घालवला आणि पिढ्यानपिढ्या गुण कसे उतरतात याचे बीजगणित लिहिले. १९४० मध्ये एमआयटीने त्यांना विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी आणि गणितातील पीएचडी एकाच वर्षी दिली. पण शॅनन त्या विषयाकडे पुन्हा वळले नाहीत. पीएचडीचा प्रबंध पडून राहिला; १९९३ मध्ये त्यांचे लेखन संग्रहरूपात आले तेव्हा तो छापला गेला. मोठ्या पदवीचा प्रबंध कपाटात राहिला आणि लहान पदवीच्या प्रबंधाने जग बदलले.

पुढचे आयुष्य कसे होते?

१९४१ पासून ते बेल लॅब्जमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी गुप्त संदेशांच्या शास्त्रावर काम केले. १९४३ मध्ये तिथे आलेल्या ॲलन ट्युरिंग यांच्याशी त्यांच्या गप्पा होत. १९४८ मध्ये त्यांनी माहिती मोजण्याचा सिद्धांत मांडला. ‘बिट’ हा शब्द त्याच निबंधातून रूढ झाला. तो सुचवल्याचे श्रेय त्यांनी सहकारी जॉन ट्युकी यांना दिले. १९५० मध्ये भुलभुलैयातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर त्यांनी तयार केला. त्याचा मेंदू म्हणजे पुन्हा रिलेच. गणितज्ञ असलेल्या पत्नी बेटी यांची त्यांना कामात मोठी साथ होती. १९५६ मध्ये ते एमआयटीत परतले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने त्यांची स्मृती हिरावली. इंटरनेट घराघरांत पोहोचत असतानाच, २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी यात काय?

अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झाला, म्हणजे शॅनन यांच्या प्रबंधानंतर २५ वर्षांनी. आज महाराष्ट्रात संगणक अभियांत्रिकीच्या जागांसाठी चढाओढ असते. प्रवेश मिळाल्यावर मात्र प्रकल्प हा गुणांपुरता उरतो, आणि बाजारात तो तयारही विकत मिळतो. शॅनन यांच्याकडे ना संगणक होता, ना त्या विषयाचे पाठ्यपुस्तक. हाताशी होते ते नोकरीत रोज हाताळायला लागणारे एक यंत्र आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऐकलेला एक जादा विषय. पुढच्या सत्रात खुला ऐच्छिक विषय निवडताना ‘सोपा कोणता’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.