हंटरवाली नादिया

अमेरिकेत १९७५ साली ‘वंडर वूमन’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि अचाट पराक्रम करणारी नायिका घराघरांत पोहोचली. चित्रकथेतला तिचा जन्म १९४१ सालचा. मुंबईत मात्र त्याच्या सहा वर्षे आधीच मुखवटा घातलेली एक तरुणी चाबूक घेऊन घोड्यावर स्वार झाली होती. तिच्यापाशी दैवी शक्ती नव्हती, होते ते कसलेले शरीर आणि विलक्षण धाडस.

मेरी अ‍ॅन इव्हान्स हे तिचे मूळ नाव. जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश लष्करात, आई ग्रीक. पाच वर्षांची असताना ती मुंबईत आली. पहिल्या महायुद्धात वडिलांचे छत्र हरपले. पुढे पेशावरच्या मुक्कामात ती घोडेस्वारी व नेमबाजी शिकली. मुंबईत परतल्यावर कधी दुकानातील विक्रेती, कधी नर्तकी, कधी सर्कशीतील कलावंत अशी तिची उदरनिर्वाहासाठी वणवण चालली. एका भविष्यवेत्तीच्या सल्ल्याने तिने ‘नादिया’ हे नाव घेतले, असे सांगतात.

जमशेद व होमी या वाडिया बंधूंनी १९३३ मध्ये परळच्या लवजी कॅसलमध्ये ‘वाडिया मूव्हीटोन’ सुरू केली होती. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची ही मुलगी हिंदी बोलपटात खपेल कशी, ही शंका रास्तच होती. जमशेद वाडिया यांनी तिला नंदादेवी हे नाव आणि काळ्या केसांची वेणी सुचवली. तिने दोन्ही नाकारले. होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ १९३५ मध्ये तयार झाला, पण वितरक तो घेण्यास धजावेनात. अखेर निर्मात्यांनीच तो पडद्यावर आणला आणि तो आठवडेच्या आठवडे गर्दीत चालला.

‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तिने धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी केली. धट्ट्याकट्ट्या पुरुषांना ती डोक्यावर उचलून फेकत असे. सिंहांसमवेतही तिने चित्रीकरण केले. ही सारी साहसे ती स्वतःच करी. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) तिने स्त्रीशिक्षणाचा व स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. परकीय सत्तेच्या काळात जुलमी सत्ताधाऱ्यांना लोळवणारी नायिका गोरी असावी, हे विचित्रच. प्रेक्षकांना मात्र त्याचे काही वाटले नाही. चोखंदळ मंडळींनी स्टंटपटांना नाके मुरडली. त्यांचा खरा आश्रयदाता गिरणगावातला कामगार आणि माळशिरससारख्या तालुक्यांत जत्रेच्या तंबूत सिनेमा पाहणारा प्रेक्षक होता.

पुढे जमशेद वाडिया यांचा ओढा सामाजिक चित्रपटांकडे वळला आणि नादियाला काम उरेना. तेव्हा होमी वाडिया यांनी वेगळे होऊन १९४२ मध्ये ‘बसंत पिक्चर्स’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिला घेऊन ‘हंटरवाली की बेटी’ काढला. परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला. तेथे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले.

होमी व नादिया यांचा अनुराग जुना होता, पण त्यांच्या आईचा या विवाहास विरोध होता. पडद्यावर कुणालाही न जुमानणारी ही स्त्री प्रत्यक्षात वर्षानुवर्षे थांबून राहिली. आईच्या निधनानंतर १९६१ मध्ये दोघांचे लग्न झाले, तेव्हा नादिया ५३ वर्षांची होती. साठीत, १९६८ च्या ‘खिलाडी’मध्ये, ती पुन्हा पडद्यावर दिसली.

जमशेद वाडिया यांचे नातू रियाद यांनी १९९३ मध्ये तिच्यावर माहितीपट काढला आणि नव्या पिढीला हंटरवालीची ओळख झाली. ९ जानेवारी १९९६ रोजी, ८८ वा वाढदिवस उलटून एकच दिवस झाला असताना, मुंबईत तिचे निधन झाले.