पिणाऱ्याला पेशंट म्हणणाऱ्या डॉक्टर : अनिता अवचट

गावात एखादा माणूस पिऊन रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला की आपण काय करतो? कुणी हसतं, कुणी शिवी देतं, कुणी मोबाइल काढून व्हिडिओ करतं. घरचे मान खाली घालून त्याला उचलून नेतात. सकाळी तो शपथ घेतो आणि संध्याकाळी परत गुत्त्यावर जातो. मग सगळे म्हणतात, हा सुधारणारच नाही.

पुण्यात एक डॉक्टरबाई होऊन गेल्या. त्यांना हे पटत नव्हतं. ताप आलेला माणूस जसा पेशंट, तसाच दारूत अडकलेलाही पेशंट, असं त्या मानायच्या. त्यांचं नाव डॉ. अनिता अवचट. जवळची माणसं त्यांना सुनंदा म्हणायची. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आज महाराष्ट्रभर माहीत आहे. ते उभं करणाऱ्या याच डॉक्टर.

येरवड्याची नोकरी

अनिताताई येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांचे पती अनिल अवचट जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. तेही डॉक्टर, पण त्यांचा ओढा लेखनाकडे. हमाल, मजूर, विडी कामगार अशा माणसांमध्ये फिरायचं आणि त्यांच्याबद्दल लिहायचं, हे त्यांचं काम. त्यातून घर चालण्याइतका पैसा कुठून येणार? मग नोकरी करून घर सांभाळायची जबाबदारी अनिताताईंनी घेतली. बाई कमावते आणि पुरुष घरात स्वयंपाक करतो, मुली सांभाळतो, हे त्या काळात शहरातही नवलाचं होतं. मुक्ता आणि यशोदा या दोन मुली अशा घरात वाढल्या.

येरवड्याला काय दिसायचं? घरच्यांनी आणून सोडलेली आणि परत कुणी न्यायलाच न आलेली माणसं. आपल्याकडे वेड लागलं की माणूस संपला असं धरतात. अनिताताईंना रोजच्या कामात उलटं दिसत होतं. औषध वेळेवर मिळालं, कुणी नीट बोललं, हाताला काम दिलं, तर माणूस सावरतो. हाच अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

गर्द आली

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द नावाचं विष शिरलं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच भेसळ केलेला प्रकार. चांदीच्या कागदावर पूड टाकायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, चांगल्या घरातली मुलं बघता बघता त्यात अडकली. एका ओळखीच्या घरातला मुलगा यात सापडला, तेव्हा अवचट पती-पत्नीला या प्रकाराची भीषणता कळली.

गर्द नाही मिळाली की अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, उलट्या होतात, पोटात गोळे येतात. पोरं याला टर्की म्हणतात. हा त्रास चुकवायला मुलगा घरातली भांडी विकतो, आईच्या गळ्यातलं चोरतो. घरचे म्हणतात चोर निघाला. डॉक्टर बघतो की शरीरच त्या पुडीवर चालायला लागलंय. अनिताताईंनी असे पेशंट तपासले. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. तिचं पुढे गर्द नावाचं पुस्तक झालं.

ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून ते थांबले नाहीत. केंद्र काढा, पैशाची मदत आम्ही करतो, असं त्यांनी कळवलं. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. चालवायची जबाबदारी अनिताताईंवर आली.

बरा झालेलाच आधार देणार

सुरुवातीला सगळंच नवीन होतं. पहिले काही दिवस औषधं देऊन शरीराचा त्रास कमी करायचा, हे डॉक्टरांचं काम. खरी लढाई त्यानंतरची. नशा नसताना दिवस कसा काढायचा, राग आला तर काय करायचं, जुने मित्र भेटले तर नाही कसं म्हणायचं, हे शिकवावं लागतं. म्हणून योगासनं, गटात बसून मन मोकळं करणं, केंद्रातली कामं वाटून करणं, असा दिवसाचा नेम ठरला.

अनिताताईंनी एक मोठी गोष्ट केली. जे बरे झाले त्यांनाच कामाला घेतलं. काल ज्याच्यावर घरचे पाच रुपयांचा भरवसा ठेवत नव्हते, त्याच्यावर त्यांनी नव्या पेशंटची जबाबदारी टाकली. नवा आलेला माणूस डॉक्टरचं ऐकेल न ऐकेल, पण आपल्यासारखंच भोगून उठलेल्या माणसाचं ऐकतो. त्याला डोळ्यासमोर पुरावाच दिसतो ना!

बरं झाल्यावरही काहींचा पाय घसरायचा. लोक म्हणायचे, बघा, गेला परत. पण शुगर-बीपीचं दुखणं जसं परत वर येतं तसंच हे, म्हणून पेशंट पुन्हा आला तरी दार बंद व्हायचं नाही. आणि जो टिकला, त्याच्या व्यसनमुक्तीचा वाढदिवस कौतुकानं साजरा व्हायचा.

बायकांचं काय?

नवरा पितो, पण मार बायको खाते. उधारी ती फेडते, पोरांची फी ती भरते आणि सासर बोल लावतं की तुलाच सांभाळता येत नाही. अनिताताईंनी हे दुखणं ओळखलं. नवऱ्याइतकीच बायकोलाही उपचाराची गरज आहे हे त्यांनी मानलं आणि पेशंटच्या बायकांना बोलायला हक्काची जागा मिळाली. या गटाचं नाव सहचरी. बाई तिथं पहिल्यांदा मोकळी रडायची, आणि दोष आपला नाही हे तिला कळायचं.

शेवटची लढाई

हे सगळं चालू असताना अनिताताईंना कॅन्सर झाला. काही वर्षं त्यांनी दुखणं अंगावर घेऊन काम केलं. १० फेब्रुवारी १९९७ ला त्या गेल्या. केंद्र बंद पडलं नाही. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे सांभाळलं, आणि बरे झालेले जुने पेशंट खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

आपल्या घरात असं कुणी असेल तर

शपथ घालून, कोंडून किंवा जेवणात गुपचूप औषध मिसळून हा आजार जात नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडणंही धोक्याचं. हात थरथरणं, झोप न येणं इथपासून फिट येणं, भास होणं इथपर्यंत त्रास होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करा. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ या सरकारी नंबरवर फोनला पैसे पडत नाहीत. फोन पेशंटनंच करायला हवा असं नाही. बायकोनं, आईनं, भावानं केला तरी चालतो.

पुढच्या वेळी रस्त्यात कुणी पडलेला दिसला, तर व्हिडिओ काढण्याआधी त्याला सावलीत न्या, आणि शुद्धीवर येत नसेल तर १०८ ला फोन करा. अनिताताईंनी आयुष्यभर हेच केलं. आधी माणूस बघितला, मग व्यसन.