तुकाराम बीज विशेष : कीर्तनात मागे उभं राहून धृपद धरणारे तुकोबा



फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज. या दिवशी देहूत पाय ठेवायला जागा नसते. भर दुपारी नांदुरकीच्या झाडाखाली हजारो डोळे वर लागलेले असतात. आपल्या तालुक्यातूनही दिंड्या जातात, ज्यांना जमत नाही ते गावातल्या देवळात कीर्तन ठेवतात.

फोटोतले तुकोबा सगळ्यांना माहीत आहेत. हातात वीणा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर समाधान. पण हे समाधान यायच्या आधीचा माणूस आपण फारसा बघत नाही. तो माणूस दुष्काळानं मोडलेला होता. धंद्यात बुडालेला होता. चारचौघांत जायची लाज वाटत होती. आपण कुणाच्या कामाचे नाही, देवाच्याही नाही, असं त्याला वाटत होतं. आज त्याच माणसाविषयी लिहायचं आहे.

भरलेलं घर

तुकोबांचा जन्म देहूचा, साल साधारण १६०८. घराणं मोरे, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. घरात गावची महाजनकी होती, शेती होती, वाण्याचं दुकान आणि सावकारीही होती. जात कुणबी, धंदा वाण्याचा. पूर्वज विश्वंभरबाबांच्या काळापासून घरचं विठ्ठलाचं देऊळ होतं आणि पंढरीची वारीही.

सावजींचं मन संसारात नव्हतं, त्यामुळं व्यापाराचा भार तेराव्या वर्षीच तुकोबांवर आला. पहिली बायको रखमाबाई, तिला दमा. म्हणून घरच्यांनी दुसरं लग्न लावून दिलं, पुण्याच्या गुळवे सावकारांच्या मुलीशी. हीच जिजाई, लोक तिला आवली म्हणून ओळखतात.

तुकोबा सतराच्या आसपास असताना आईवडील गेले. पुढं सावजींची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अख्खं घर आलं.

मोठा दुष्काळ

त्यात १६३० साल उजाडलं. त्या साली आणि पुढची दोन वर्षं दख्खनमध्ये आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला, त्याची इतिहासात मोठी नोंद आहे. पाऊस नाही, धान्य नाही, गुरं मेली, गावंच्या गावं उठून गेली.

उधारी अडकली. दुकानाचं दिवाळं निघालं. बाजारातली पत गेली. रखमाबाई अन्न अन्न करत गेली. तिचा मुलगा संतोबाही गेला.

हे कुणी दुसऱ्यानं रचून सांगितलेलं नाही. तुकोबांनी स्वतःच एका अभंगात आपली कहाणी सांगून ठेवली आहे. संतमंडळींनी विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर हे बोलू नये, असा त्याचा सूर आहे. दुष्काळानं पैसा नेला आणि मानही नेला, बायको भुकेनं मेली, या दुःखात जिवाची लाज वाटली, धंद्यात तोटाच येत गेला, असं सगळं त्यात आहे. काही झाकलेलं नाही.

ज्यानं पीक जळताना पाहिलंय त्याला ही लाज समजावून सांगावी लागत नाही. पाऊस आपल्या हातात नसतो. तरी बायकोपोरांसमोर मान खाली जाते, जणू आभाळ आपणच अडवलं होतं.

कर्जाचे कागद

तुकोबा घर सोडून भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे कान्होबा शोधत शोधत तिथं पोचले. दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तिथं तुकोबांनी सावकारीचे कागद मागवले. लोकांनी घेतलेल्या कर्जाचे ते कागद होते.

लक्षात घ्या, हे देणं नव्हतं, येणं होतं. वसूल केलं असतं तर घर सावरलं असतं. पण ज्यांच्याकडून वसूल करायचं तेही त्याच दुष्काळात होरपळले होते. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. निम्मे कान्होबांना दिले, कारण त्यांचा संसार होता आणि त्यांच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपला निम्मा वाटा मात्र इंद्रायणीत बुडवला.

विरक्ती आली तरी भावाची भाकरी नदीत टाकली नाही. हा बारकावा फार जण सांगत नाहीत, पण त्यातच तुकोबांचा स्वभाव दिसतो.

मागे उभं राहून

आता पुढचा भाग. मला वाटतं, साऱ्या चरित्राची किल्ली इथं आहे.

घरचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं. तुकोबांनी ते दुरुस्त करायला घेतलं. ज्ञान नाही, अधिकार नाही, पण भिंत बांधायला हात आहेत. तिथून सुरुवात झाली.

मग एकादशीची कीर्तनं सुरू केली. पण सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हतं, हे त्यांनीच कबूल केलं आहे. म्हणून जुन्या संतांची काही वचनं विश्वासानं पाठ केली. आणि कीर्तनात पुढं गाणाऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरायला लागले.

आपल्याकडं भजनात पुढं म्हणणारा एक असतो आणि मागं धरणारे दहा. मागच्यांचं नाव पत्रिकेत येत नाही. ज्यांच्या अभंगावाचून आज महाराष्ट्रात कीर्तन उभं राहत नाही, ते तुकोबा तिथं मागं उभे होते. आधी लायक होतो आणि मग देवाकडे जातो, असं त्यांनी केलं नाही. जसे होते तसे गेले आणि जमेल ते केलं.

भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नामदेवांचे अभंग असं वाचन चाललं. इकडं घरात चूल पेटायची पंचाईत. जिजाई भाकरी बांधून डोंगर चढायची, नवरा कुठं बसलाय ते शोधायची आणि वाटेत विठ्ठलाला शिव्या घालायची. तिला लोक कजाग म्हणतात. पण पोरांच्या तोंडी घास कुठून घालायचा हा प्रश्न तिच्यासमोर रोज होता. तुकोबांच्या विश्वासाची किंमत तिनंही मोजली आहे, हे विसरून चालणार नाही.

स्वप्नातले गुरू आणि पावशेर तूप

एका माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, तुकोबांना स्वप्नात गुरू भेटले. बाबाजी चैतन्य हे त्यांचं नाव. डोक्यावर हात ठेवला आणि राम कृष्ण हरी हा मंत्र दिला. आज वारीत पावलोपावली ऐकू येतो तोच.

ही आठवण सांगताना तुकोबांनी एक चूकही सांगितली आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं होतं आणि आपण ते द्यायचं विसरलो. दुसऱ्या कुणी ही गोष्ट गाळली असती. एवढा मोठा प्रसंग, त्यात आपली विसराळूपणाची कबुली कशाला? पण तुकोबांना स्वतःला मोठं करून सांगायचंच नव्हतं.

पुढं नामदेव महाराज पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता करायचं काम सांगितलं, असं तुकोबा म्हणतात. तेव्हा आपली ताकद नसताना हे काम अंगावर आलं, ही जाणीव त्यांच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येते. पाळलेली साळुंकी गोड बोलते, पण शिकवणारा वेगळाच असतो, तसं माझं आहे, असं ते सांगतात. आपण या मालाचे हमाल, मालक दुसराच, असंही सांगतात. बाजार समितीत पोतं वाहणाऱ्याला हे लगेच कळेल. पोतं हमालाचं नसतं. पण ते नीट पोचवणं त्याचं काम असतं, आणि त्यासाठी त्यानं शेटजी असायची गरज नसते.

तेरा दिवस

लोक अभंग ऐकायला जमू लागले तसा विरोधही वाढला. वाघोलीचे रामेश्वर भट मोठे विद्वान. शूद्रानं वेदांचा अर्थ प्राकृतात सांगायचा नाही, वह्या पाण्यात बुडव, असं त्यांनी बजावलं.

आता विचार करा. ज्या माणसाला आधीच वाटत होतं की आपला अधिकार नाही, त्याला एका विद्वानानं तेच सांगितलं. तुकोबांनी वह्या स्वतःच्या हातानं इंद्रायणीत सोडल्या. गावातल्या लोकांनी टोमणे मारले. आधी कर्जाचे कागद बुडवून संसार घालवला, आता अभंग बुडवून परमार्थही घालवला, असं बोलणं सुरू झालं.

हे मनाला लागलं. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर जाऊन पडले. अन्न नाही, पाणी नाही. ते स्वप्न खरं होतं की मनाचा खेळ? देवानं काम सांगितलं होतं की मीच तसं समजून बसलो? हे प्रश्न त्यांनी गावापुढं मांडले नाहीत, विठ्ठलापुढं मांडले. विनवणी केली, भांडलेही. पण तोंड फिरवून दुसरीकडं गेले नाहीत.

असे तेरा दिवस गेले. आणि वह्या पाण्यावर कोरड्या आल्या, अशी परंपरा सांगते. काही अभ्यासक म्हणतात, अभंग लोकांच्या तोंडी होते, ते नदीत बुडणार कसे? काही मानलं तरी एक गोष्ट खरी, अभंग राहिले. ती शिळा आजही देहूच्या शिळा मंदिरात आहे.

त्यानंतर तुकोबांनी काय करावं? जिंकलो म्हणून मिरवणूक काढावी? नाही. देवाला आपल्यासाठी एवढे कष्ट पडले, लोकांच्या बोलण्यानं आपण मन दुखवून घेतलं आणि त्याचा अंत पाहिला, हा आपला मोठा अन्याय झाला, असे अभंग त्यांनी त्यावेळी रचले. देव पाठीशी उभा राहिला, तेव्हाही त्यांना आधी आपलंच उणं दिसलं.

रामेश्वर भटही पुढं बदलले आणि तुकोबांचे शिष्य झाले. तुकोबांच्या आरतीत त्यांचं नाव आजही आपण घेतो.

शंका गेली नाही, विश्वासही गेला नाही

मोठेपण आल्यावर स्वतःविषयीची शंका संपली असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. लोक मला संत म्हणतात, पण मी कसा आहे ते माझं मला माहीत आहे, या अर्थाचे त्यांचे कितीतरी अभंग आहेत. आपल्याला रोज युद्ध करावं लागतं, बाहेर जगाशी आणि आत मनाशी, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. पण त्या मनाला घेऊनच ते रोज कीर्तनाला उभे राहिले.

त्यामुळंच ज्यांना जगानं नालायक ठरवलं होतं, ती माणसं त्यांच्याकडं आली. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी कोल्हापुरात त्यांचे अभंग ऐकले आणि मनोमन त्यांना गुरू मानलं. बाई ब्राह्मण, गुरू कुणबी. नवऱ्याचा राग, मारझोड सोसून ती शेवटी देहूला पोचली. चाकणचे संताजी जगनाडे तेल्याच्या घरचे. त्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. तुकोबांपाशी कुणाला आधी आपली लायकी सिद्ध करावी लागली नाही.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. वय अवघं बेचाळीसच्या आसपास. धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांचा जन्म त्यानंतर झाला. त्यांनीच १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या मदतीनं गाथा छापून पूर्ण झाली, त्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. मागे उभं राहून धृपद धरणाऱ्याचं हे काम.

आपल्या गावात

प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो. दोन वर्षं पीक गेलं, सोसायटीचं थकलं, पोरीचं लग्न अडलं. तो भजनाला यायचा बंद होतो. पारावर बसत नाही. देवळाच्या पायरीपर्यंत येतो आणि मागं फिरतो. कोणत्या तोंडानं जाऊ, असं त्याला वाटतं.

त्याला तुकोबांची ही बाजू सांगा. संत झाल्यावरची नको, आधीची सांगा. तुकोबाही याच अवस्थेतून विठ्ठलाकडं गेले होते, दिवाळं घेऊन, लाज घेऊन, शंका घेऊन. विठ्ठलानं त्यांना परत पाठवलं नाही. आणि नुसतं सांगून थांबू नका. बीजेच्या कीर्तनाला जाताना त्याच्या दारावरून जा, त्याला हाक मारा, सोबत घ्या. पुढं बसायला लाजत असेल तर मागं उभा राहू दे, टाळ त्याच्या हातात द्या.

धृपद धरायला तेवढं पुरतं.

राम कृष्ण हरी.