कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

डॉ. आनंदीबाई जोशी आमच्या वाचकांस परिचित आहेतच. त्यांच्या मागून दुसऱ्याच वर्षीं, सन १८६६ त, नाशिकास कॉर्नेलियाबाईंचा जन्म झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी मूळचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते मिशनकार्यास लागले. मातोश्री फ्रान्सिनाबाईंनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल चालविलें. मुलीही तशाच निघाल्या : सूसीबाईंनीं पुण्यांत शाळा काढली, ॲलिसबाई डॉक्टर झाल्या.

डेक्कन कॉलेजांतून कॉर्नेलियाबाई पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. परंतु विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यांत आली. तेव्हां इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली व सन १८८९ त त्या ऑक्सफर्डास गेल्या. तेथील कायद्याची बी.सी.एल. परीक्षा सन १८९२ त देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पदवी मिळाली ती मात्र ३० वर्षांनीं! भाऊ बॅरिस्टर होऊन अलाहाबादेस वकिली करीत. बहीण वकिलीच्या परीक्षा उतरूनही कोर्टाच्या दाराबाहेर. हें आम्हांस फार बोंचतें.

सन १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीनें त्या पडदानशीन विधवांच्या व अज्ञान मुलांच्या मिळकतीचें हित पाहूं लागल्या. जेथें पुरुष वकिलास प्रवेश नसे त्या जनान्यांत त्या जात. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं केलेला विरोध आम्हांस पटत नाहीं. पण त्या विधवांस दुसरें कोण होतें? हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिली खुली झाली ती सन १९२३ च्या कायद्यानें. तेव्हां ५६ वर्षांच्या असलेल्या बाईंनीं पुढें कलकत्त्यास वकिली केली. सन १९५४ त त्या लंडन येथें निवर्तल्या.