रोज वासरू उचलून मल्ल घडतो? काय आहे मिलोची गोष्ट?

जिममध्ये वजन थोडे थोडे वाढवत नेण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा अनेकदा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक मल्लाचे उदाहरण देतात. तो म्हणजे क्रोटोनचा मिलो.

मिलो कोण होता?
क्रोटोन ही दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहत. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात मिलोने ऑलिंपियातील कुस्ती सहा वेळा जिंकली. त्यातला एक विजय कुमार गटातला. डेल्फी, इस्थमिया आणि नेमिया येथील स्पर्धांत त्याच्या नावावर आणखी २६ विजय आहेत.

वासराची कथा काय?
मिलो रोज एक वासरू उचलत असे. वासरू वाढत गेले, तशी त्याची ताकदही वाढली आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला, असे सांगतात. ही दंतकथाच. वासराचे वजन ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने माणसाची ताकद वाढत नाही. मात्र भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे तत्त्व आजही व्यायामशास्त्राला मान्य आहे.

सराव कसा चाले?
मल्ल अंगाला तेल चोळत, वर माती लावत आणि आखाड्यात उतरत. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडले की कुस्ती जिंकली. वजनी गट नव्हते, त्यामुळे धिप्पाड मल्लाचे पारडे जड असे. साहजिकच खुराकाला महत्त्व आले. मिलो दिवसाला सुमारे साडेआठ किलो मांस आणि तितकाच पाव खाई, असे प्राचीन लेखक लिहितात. यात अतिशयोक्ती उघड आहे. ऑलिंपियात खेळाडूंना दहा महिने नियमाने सराव केल्याची शपथही घ्यावी लागे.

ताकद कुठे कमी पडली?
सातव्यांदा ऑलिंपियात उतरलेल्या मिलोसमोर त्याच्याच गावचा तरुण तिमासिथेउस होता. त्याने मिलोला जवळ येऊच दिले नाही. अंगाला अंग भिडल्याशिवाय मिलोची ताकद चालणार कशी? त्याला जिंकता आले नाही.

अखेर कशी झाली?
इसवी सनपूर्व ५१० च्या सुमारास सिबारिसविरुद्धच्या लढाईत मिलोने क्रोटोनच्या सैन्याचे नेतृत्व केले. मृत्यूबद्दल मात्र कथाच उरली आहे. रानात पाचरी ठोकलेले एक झाड दिसले. हातांनी ते फाडायला गेला, तोच पाचरी निसटल्या आणि हात फटीत अडकले. रात्री लांडग्यांनी त्याला खाल्ले. ज्या हातांनी नाव कमावले, तेच हात त्याला सोडवता आले नाहीत.