जिमी हेंड्रिक्स : अपुऱ्या अल्बमचा धनी

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात २६ ऑगस्ट १९७० रोजी एका ध्वनिमुद्रण स्टुडिओचे उद्घाटन झाले. जागा पूर्वी एका नाइट क्लबची होती. जमिनीखालून एक जुना ओढा वाहतो हे बांधकाम सुरू झाल्यावर ध्यानात आले. तळघरात पाणी भरले, खर्च फुगत गेला आणि वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडून कर्ज काढावे लागले. रॉक संगीतातील एखाद्या कलावंताने स्वतःच्या मालकीचा असा अद्ययावत स्टुडिओ उभारावा, ही त्या काळी नवलाई होती. ‘इलेक्ट्रिक लेडी’ हे त्याचे नाव आणि जिमी हेंड्रिक्स हा त्याचा मालक. मेजवानी आटोपून हेंड्रिक्स लंडनला रवाना झाला, तो पुन्हा या वास्तूत परतलाच नाही. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघे २७.

मागे राहिल्या त्या ध्वनिफितींच्या थप्प्या. त्यांत एक अल्बम दडलेला होता. गाणी बहुतांशी झाली होती. क्रम लागला नव्हता, नाव पक्के नव्हते, काही ठिकाणी साथ अपुरी होती. हा अल्बम पुरा करण्याचे प्रयत्न पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ होत राहिले. कोणी प्रेमापोटी केले, कोणी पैशासाठी, कोणी दोन्हीसाठी. मृत कलावंताच्या अर्ध्या कामावर अखेरचा हात कोणी फिरवावा, हा प्रश्न रॉक संगीताच्या इतिहासात इतक्या तीव्रतेने क्वचितच उभा राहिला असेल. आणि त्याचे धागेदोरे हेंड्रिक्सच्या आयुष्यातच सापडतात.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात त्याचा जन्म झाला, तेव्हा वडील अ‍ॅल हेंड्रिक्स सैन्यात होते. आई ल्युसिलने मुलाचे नाव जॉनी अ‍ॅलन ठेवले. युद्धावरून परतलेल्या वडिलांनी १९४६ मध्ये ते बदलून जेम्स मार्शल केले. घरात दारिद्र्य होते, आईवडिलांत बेबनाव होता. १९५८ मध्ये आई वारली. त्याच सुमारास पाच डॉलरना घेतलेली एक जुनी गिटार मुलाच्या हाती आली. तो डावखुरा होता. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली गिटार उलटी धरून, तारा फिरवून लावून तो शिकला आणि अखेरपर्यंत तसाच वाजवत राहिला.

चोरीच्या मोटारीत सापडल्याने तुरुंग की सैन्य, असा पर्याय समोर आला आणि १९६१ मध्ये तो छत्रीधारी दलात भरती झाला. सैनिकी शिस्त त्याला मानवली नाही. सुमारे वर्षभराने त्याला मोकळे करण्यात आले, मात्र केंटकीतील छावणीत बिली कॉक्स हा बासवादक मित्र त्याला कायमचा मिळाला. नंतरची चार वर्षे इतरांच्या मागे उभे राहून साथ करण्यात गेली. आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, कर्टिस नाइट अशी ही यादी. ऑक्टोबर १९६५ मध्ये एड चाल्पिन या निर्मात्याच्या करारावर त्याने सही केली. मोबदला एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. कागद न वाचता केलेली ही सही त्याला जन्मभर पुरली.

वर्षभराने चॅस चँडलर या इंग्रज वादकाने न्यूयॉर्कच्या एका कॅफेत त्याला ऐकले आणि सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला नेले. तेथे ‘एक्सपिरियन्स’ हा तिघांचा वाद्यवृंद जमला. ड्रम्सवर मिच मिचेल आणि बासवर नोएल रेडिंग. रेडिंग खरे तर गिटारवादक म्हणून काम मागायला आला होता! मे १९६७ मध्ये ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ हा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमधील प्रस्थापित गिटारवादकांची झोप उडाली. जूनमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात त्याने वादनाच्या शेवटी गिटार पेटवून दिली आणि एका रात्रीत अमेरिकाही जिंकली. त्याच दिवशी दुपारी त्याच रंगमंचावर पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले होते. वाद्याची अशी विटंबना त्यांना मुळीच रुचली नाही. भारतीय रसिकाला त्यांची व्यथा सहज कळावी.

पहिल्या अल्बमपासूनच एक गोष्ट नजरेत भरते. या अल्बमची ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्ती एकसारखी नाही. ब्रिटनमध्ये सुट्या तबकड्यांवर निघालेली गाणी अल्बममध्ये न घेण्याचा प्रघात होता. अमेरिकी कंपनीने मात्र ‘पर्पल हेझ’, ‘हे जो’, ‘द विंड क्राइज मेरी’ ही गाजलेली गाणी आत घेतली आणि ‘रेड हाऊस’सह तीन गाणी काढून टाकली. म्हणजे एकाच नावाचे दोन अल्बम कलावंताच्या हयातीतच बाजारात होते आणि त्यातला खरा कोणता, हे श्रोता कोणत्या देशात राहतो त्यावर ठरत होते.

दुसऱ्या अल्बमची कथा आणखी मासलेवाईक आहे. ‘अ‍ॅक्सिस : बोल्ड अ‍ॅज लव्ह’च्या पहिल्या बाजूची तयार फीत हेंड्रिक्स लंडनच्या टॅक्सीत विसरला. रातोरात सारे मिश्रण पुन्हा करावे लागले. एक गाणे काही केल्या पहिल्यासारखे जमेना. तेव्हा रेडिंगच्या घरी असलेली, सुरकुतलेली कच्ची प्रत इस्त्री करून वापरली, असे सांगतात. या अल्बमचे वेष्टन आपल्याकडच्या वाचकाला पाहताक्षणी ओळखीचे वाटेल. कॅलेंडरवरील विष्णूच्या विराट रूपात हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे बसवलेले आहेत. हेंड्रिक्सला ते आवडले नाही. त्याच्या घराण्यात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचे रक्त असल्याचे मानले जाई आणि ‘इंडियन’ म्हणायचेच तर त्याला ते चित्र अपेक्षित होते. पुढे ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’च्या वेळी त्याने लहान मुलांसोबत काढलेले छायाचित्र वेष्टनावर घ्यावे, असे कंपनीला सविस्तर लिहून कळवले. ब्रिटिश आवृत्तीवर प्रत्यक्षात विवस्त्र स्त्रियांचे छायाचित्र छापले गेले. तो जिवंत होता, दूरध्वनीवर उपलब्ध होता, तेव्हाची ही गत.

भरीस भर म्हणून चाल्पिनने १९६७ मध्येच जुना करार पुढे करून, कर्टिस नाइटच्या साथीला वाजवलेली शिल्लक गाणी हेंड्रिक्सचे छायाचित्र छापून विकायला काढली. उरल्यासुरल्या फितींचा बाजार त्याच्या मृत्यूनंतर सुरू झाला असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

ऑक्टोबर १९६८ मधील ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ हा जोडअल्बम त्याने स्वतःच्या मनासारखा केला. एकेक गाणे पन्नासदा वाजवून पाहण्याचा त्याचा हट्ट चँडलरला असह्य झाला आणि तो काम अर्ध्यावर सोडून गेला. जून १९६९ मध्ये ‘एक्सपिरियन्स’ही फुटला. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या माळावर सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी घरी परतल्यावर, त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजवले. व्हिएतनाम युद्धाचा सारा कोलाहल त्यात ऐकणाऱ्यांना ऐकू आला. वर्षाअखेरीस बिली कॉक्स आणि ड्रमवादक बडी माइल्स यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये केलेल्या कार्यक्रमांचा ‘बँड ऑफ जिप्सीज’ हा अल्बम निघाला. त्याचे कारणही संगीताबाहेरचे होते. एक डॉलरच्या त्या कराराची भरपाई म्हणून चाल्पिनला एक अल्बम देणे भाग होते.

मनातला खरा अल्बम या साऱ्या काळात बाजूला साचत होता. त्याचे एक नाव ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’, दुसरे ‘स्ट्रेट अहेड’, तिसरे ‘पीपल, हेल अँड एंजल्स’. हेंड्रिक्स कागदावर याद्या लिहून काढी. त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका यादीत तबकडीच्या तीन बाजूंची मांडणी आहे. जोडअल्बमला चार बाजू लागतात. अडचण गाणी कमी असण्याची नव्हती, ती संपत नसण्याची होती. ‘स्टेपिंग स्टोन’ हे गाणे एप्रिल १९७० मध्ये बाजारात आले आणि लगेच मागेही घेतले गेले. त्यानंतर त्याने बडी माइल्सचे ड्रम्स काढून मिचेलकडून नव्याने वाजवून घेतले. छापून विकलेले गाणेही ज्याच्या लेखी कच्चे होते, त्याच्या फितीवरचे कोणते गाणे पक्के मानायचे?

वायव्य लंडनमधील नव्हे, तर पश्चिमेच्या नॉटिंग हिल भागातील एका हॉटेलात झोपेच्या गोळ्यांचे अतिसेवन आणि उलटी श्वासनलिकेत अडकणे हे मृत्यूचे कारण ठरले. न्यायाधिकाऱ्याने निष्कर्ष खुला ठेवला. त्यावर आजवर पुष्कळ तर्कवितर्क झाले आहेत, त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. इच्छापत्र नव्हते. वारसा वडिलांकडे गेला. माळीकाम करून पोट भरणाऱ्या अ‍ॅल हेंड्रिक्स यांना करारांतले काही कळत नव्हते.

पहिला प्रयत्न ज्यांनी केला त्यांना तरी हेंड्रिक्सचा हात ठाऊक होता. ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि मिच मिचेल यांनी फिती पुन्हा उघडल्या. मिचेलने काही ठिकाणी ड्रम्सची भर घातली. ‘ड्रिफ्टिंग’ या गाण्यात व्हायब्राफोन हेंड्रिक्सच्या मृत्यूनंतर वाजवून घेतला. मार्च १९७१ मध्ये ‘द क्राय ऑफ लव्ह’ निघाला, त्यात दहा गाणी होती. अल्बम सुरेख आहे, पण अपुरा आहे आणि तो मुद्दाम अपुरा ठेवला गेला. व्यवस्थापक मायकेल जेफ्री याने एका चित्रपटाशी जोडलेल्या ‘रेनबो ब्रिज’ या पुढच्या अल्बमसाठी काही उत्तम गाणी हातची राखली. त्यात ‘डॉली डॅगर’ होते. ऑगस्ट १९७० मध्ये हेंड्रिक्सने पुढची सुटी तबकडी म्हणून ज्याचे मिश्रण पुरे केले, तेच हे गाणे. उरलेली गाणी १९७२ मध्ये ‘वॉर हीरोज’मध्ये गेली. एका अल्बमचे असे तीन तुकडे झाले.

१९७३ मध्ये जेफ्री विमान अपघातात मरण पावला आणि फितींचा ताबा अ‍ॅलन डग्लस या निर्मात्याकडे आला. त्याने काय केले हे समजण्यासाठी तंत्राची थोडी माहिती हवी. बहुमार्गी फितीवर प्रत्येक वाद्य आणि आवाज स्वतंत्र पट्टीवर मुद्रित होतो. त्यामुळे गिटार आणि गायन तसेच ठेवून बाकीचे वादक बदलता येतात. डग्लसने नेमके हेच केले. १९७५ च्या ‘क्रॅश लँडिंग’ आणि ‘मिडनाइट लाइटनिंग’ या अल्बमांत मूळ साथ बाजूला सारून रोजंदारीवरचे वादक बसवले गेले. हेंड्रिक्स त्यांच्याबरोबर कधी वाजवला नव्हता. ‘कॅप्टन कोकोनट’ नावाची रचना तर तीन वेगवेगळ्या मुद्रणांचे तुकडे जोडून बनली होती. हेंड्रिक्सने ती रचलीच नव्हती. काही गाण्यांवर डग्लसने सहरचनाकार म्हणून स्वतःचे नावही घातले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे. ‘क्रॅश लँडिंग’ अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचला, ही त्यातली अधिक टोचणारी बाब. तरीही निवाडा सरसकट करता येत नाही. साथ बदलण्याची सवय हेंड्रिक्सलाही होतीच. फरक इतकाच की बदललेले ऐकून ते पुन्हा फेटाळण्याचा अधिकार तो स्वतःकडे ठेवी.

हक्क आपल्या हातून कधी निसटले हे वडिलांना उशिरा उमगले. १९९३ मध्ये त्यांनी दावा लावला. खर्चाचा भार सिअ‍ॅटलचेच रहिवासी आणि मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी उचलला. त्यांचे हेंड्रिक्सवर निस्सीम प्रेम होते. १९९५ मध्ये तडजोड होऊन हक्क परत मिळाले. त्याच वर्षी डग्लसने ‘वूडू सूप’ हा आपला अखेरचा प्रयत्न बाजारात आणला. त्यातही दोन गाण्यांना नवे ड्रम्स जोडलेले होते.

एप्रिल १९९७ मध्ये कुटुंबाच्या कंपनीने एडी क्रेमरला सोबत घेऊन ‘फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन’ याच नावाने अल्बम काढला. यात १७ गाणी आहेत. ‘क्राय ऑफ लव्ह’ची सगळी दहा, ‘रेनबो ब्रिज’मधील चार आणि ‘वॉर हीरोज’मधील तीन. तीन ठिकाणी पांगलेली भावंडे एका घरी आली. नव्याने बाहेरचा वादक घुसवलेला नाही आणि आजवरच्या आवृत्त्यांत हीच सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. पण तिच्यातही एक गोष्ट हरवली. कॉम्पॅक्ट डिस्कला बाजू नसतात. हेंड्रिक्स तबकडीच्या बाजूंनी विचार करीत होता. वीसेक मिनिटांचा एक डाव, मग तबकडी उलटायची, मग नवा आरंभ. सलग १७ गाण्यांच्या रांगेत तो श्वास उरत नाही. सलग ऐकताना १९७१ चा दहा गाण्यांचा तुटका अल्बमच अधिक बांधीव वाटतो, तो यामुळेच.

चाहत्यांनी आपापले अल्बम केव्हापासूनच बांधायला घेतले होते. कोणी ‘डॉली डॅगर’ने आरंभ करतो, कोणी चौथ्या बाजूला ‘हे बेबी’ ठेवतो, कोणी ती कोरी सोडतो. त्यांचे काम निदान निरुपद्रवी असते, कारण मूळ फितीला त्यांचा हात लागत नाही. अधिकृत तिजोरीतूनही भर पडतच राहिली. २०१० मध्ये ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’, २०१३ मध्ये ‘पीपल, हेल अँड एंजल्स’, २०१८ मध्ये ‘बोथ साइड्स ऑफ द स्काय’ आणि २०२४ मध्ये इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओतील मुद्रणांचा संच. अ‍ॅल हेंड्रिक्स २००२ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रावरून भावंडांत कज्जा झाला आणि २००४ मध्ये जिमीचा सख्खा भाऊ लिऑन तो हरला.

१९७१ आणि १९९७ च्या दोन्ही आवृत्त्यांचा शेवट एकाच गाण्याने होतो. ‘बेली बटन विंडो’. ऑगस्ट १९७० मध्ये हेंड्रिक्सने ते एकट्याने, साथीविना मुद्रित केले. आईच्या पोटातले मूल बेंबीच्या खिडकीतून बाहेर पाहते आहे आणि आपण या जगाला हवे आहोत की नकोसे, याचा अंदाज घेते आहे, अशी त्याची कल्पना. दोन्ही वेळा जुळणी करणाऱ्यांना ते अखेरीलाच शोभून दिसले. हेंड्रिक्सच्या हस्ताक्षरातील यादीत मात्र ते पहिल्याच बाजूला आहे, ‘फ्रीडम’च्या आधी.